सरणापाशी दोन शब्द

“माइक कशाला आणलाय?” मी विचारलं.

ढवळे मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मंडपवाल्याच्या माणसाला ते वायर कुठून न्यायची ते दाखवत होते. देवळाच्या मीटरपासून घाटाच्या पायऱ्यांवरून, बाभळीला एक वेढा, आणि मग सरळ सरणापर्यंत. सरणावर माझी आई होती.

“मास्तर, भाषणं होणार नाहीत.”

“भाषण कोण म्हणतंय, संजूताई? श्रद्धांजली. दोन-दोन शब्द.”

“तेही नाहीत. अण्णांनी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

मी सरणाकडे बोट केलं.

मास्तरांनी तिकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि माइकवर फुंकर मारली. “हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग.” आवाज सीना नदीच्या कोरड्या पात्रावरून पलीकडच्या काठाला जाऊन परत आला. पलीकडे चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या.



ढवळे मास्तर म्हणजे अण्णांच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना बोलायला वर्ग उरला नव्हता, तो अण्णांनी मिळवून दिला. अण्णा म्हणजे माझे वडील, सोपानराव वाघुले, तेव्हाचे आमदार. तीनदा निवडून आलेले, मधे वर्षभर राज्यमंत्रीही. त्या उन्हाळ्यात मात्र चौथ्या तिकिटाचं काही खरं नव्हतं. पक्षाला नवा चेहरा हवा आहे, असं पेपरात छापून येत होतं आणि अण्णा तो पेपर घडी घालून उशीखाली ठेवत होते.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. बायका रीतीप्रमाणे वेशीवरून माघारी फिरल्या होत्या. मी फिरले नव्हते. कुणी काही म्हणालं नाही. आमदाराच्या मुलीला कोण म्हणणार?

एवढं माहीत असलं की पुरे. बाकीचं उन्हात उभं राहून सांगते, कारण आम्ही सगळे उन्हातच उभे होतो. सरण रचून झालं होतं, आईला पाणी पाजून झालं होतं, आणि आम्ही बापूसाहेबांची वाट बघत होतो. बापूसाहेब जिल्ह्याचे मंत्री. तिकीट त्यांच्या हातात.



शब्द दिला तो नगरच्या दवाखान्यात.

आईच्या किडन्या गेल्या होत्या. अण्णा रोज यायचे, पण दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत. त्या दिवशी आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर गुलाल नव्हता, उदबत्तीचा वास होता. आईने डोळे न उघडताच ओळखलं.

“कुणाच्या मयतीहून आलात?”

“खालच्या वाडीचे गेनूतात्या गेले.”

“बोललात?”

“बोललो की. चांगलं झालं.”

“माझ्या वेळेला नका बोलू.”

अण्णा हसले. “बरं. मग काय करू?”

“गप बसा तेवढा वेळ. कुणालाच बोलू देऊ नका, पण तुम्ही तर नाहीच.”

“काय हे, संजूची आई! डॉक्टर म्हणतायत पुढच्या आठवड्यात घरी—”

“शब्द द्या.”

“दिला.”

“मतदाराला देता तसला नको.”

अण्णांनी तिच्या हातावर हात ठेवला. सुई नसलेल्या हातावर. “दिला म्हटलं ना.”

मला वाटलं, तिने आयुष्यभराचा सूड उगवला. तीस वर्षं या माणसाचा आवाज आधी गावाला, मग तालुक्याला मिळाला, तिच्या वाट्याला आला तो बसलेला घसा आणि गरम पाण्याच्या गुळण्या. म्हणून शेवटी तिने त्याचं तोंड बंद केलं. अण्णा गेल्यावर तिने मला खरं कारण सांगितलं, पण ते आत्ता सांगत नाही. घाटावर मलाही ते आठवत नव्हतं. मी नुसती चिडलेली होते.



ड्रायव्हर मुबारक देवळाच्या कट्ट्यावर चढून मोबाइल वर धरून उभा होता. रेंज तिथेच यायची. “साहेब,” तो वरून ओरडला, “बापूसाहेब फाट्यावर आलेत!”

“मघाशी बी फाट्यावरच व्हते,” केरूनाना म्हणाले. “फाटा लई आवडला वाटतं.”

दोन-चार माणसं हसली आणि लगेच गप्प झाली.

केरूनाना वाघुले आमच्या भावकीतलेच. अण्णा ज्या-ज्या वेळी निवडून आले, त्या-त्या वेळी नाना पडले होते. समोरासमोर आले की दोघं एकमेकांना नमस्कार करत, आणि पाठमोरे झाले की दोघंही थुंकत. नाना सरणाच्या उशाशी उपरण्याने माशा वारत उभे होते. सकाळपासून.

“सोपान,” ते म्हणाले, “बापूसाहेबाला ऊन लागत नाय, एसीत हाय त्यो. वैनीला लागतंय.”

“येतायत, नाना. आलेच.”

मी अण्णांना बाजूला घेतलं. “पेटवूया, अण्णा.”

“अगं, माणूस एवढ्या लांबून येतोय.”

“येऊ दे. राखेला नमस्कार करतील.”

“असं बोलू नये, संजू. तुझ्या आईनं जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी चूल पेटती ठेवली. तिला राग नाही यायचा.”

“आणि भाषणं?”

“नाही होणार.” हे म्हणताना त्यांचे डोळे माइकवर होते. “बापूसाहेब दोन शब्द बोलतील फक्त. त्यांना कसं नाही म्हणायचं?”

“फक्त ते?”

“फक्त ते.”

ढवळे मास्तर मागेच उभे होते. घसा खाकरून म्हणाले, “अण्णा, एकदम मंत्र्यांना कसं उभं करणार? रीत आहे. आधी खालची माणसं बोलतात, मग मोठी.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाले, “थोडक्यात आटपा.”

असा तो शब्द मोडला. काडकन नाही. विधेयक मोडतं तसा, एकेका दुरुस्तीने.



*आलेल्या सर्वांना नम्र विनंती आहे, की त्यांनी सावलीत न जाता जवळ यावं. यानंतर मी विनंती करतो, दूध संघाच्या वतीने चेअरमनसाहेबांना…*

चेअरमन म्हणाले, अण्णा सायकलीला किटल्या बांधून पहाटे फिरायचे. अण्णा डेअरीचे सचिव झाले तेव्हा डेअरीला छप्पर नव्हतं. दुष्काळात अण्णांनी पेंड आणली. अण्णा नसते तर आज तालुक्यात गाय दिसली नसती. कौशल्यावहिनी त्यांच्या सावलीसारख्या होत्या.

*यानंतर पंचायत समितीच्या वतीने…*

सभापती म्हणाले, नदीवरचा पूल कुणी केला? अण्णांनी. कन्याशाळा कुणी आणली? अण्णांनी. विरोधकांनी रस्त्यात काटे टाकले (इथे सभापतींनी केरूनानांकडे पाहिलं, नाना माशा वारत राहिले), पण अण्णा डगमगले नाहीत. कारण पाठीशी कमलवहिनी होत्या.

*यानंतर पत्रकार संघाच्या वतीने…*

पत्रकार नुसतं “वहिनीसाहेब” म्हणाले. ते सगळ्यांत सुरक्षित.

माझ्या आईचं नाव कौसल्या होतं.



तिच्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी इथे लिहून बघते.

ती पाणी पिताना भांडं ओठाला लावत नसे. वरून धार. शेवटच्या महिन्यात तिला ते जमेना, तेव्हा तिने

तिला चहा आवडत नव्हता. घरात दिवसभर चहा उकळत असायचा आणि ती

मतमोजणीच्या दिवशी ती रेडिओ लावत नसे. गोधडी शिवायला घ्यायची. अण्णा आले की त्यांच्या पावलांवरून ओळखायची, म्हणायची, जेवून घ्या. निवडून आल्यावरही जेवून घ्या, आणि पडले असते तरी

नाही जमत. अण्णांना जमायचं. कुणाच्याही सरणापाशी जमायचं.



*यानंतर, ज्यांची आपण आतुरतेने वाट पाहत होतो…*

मास्तरांची जीभ सवयीने गेली. बापूसाहेब आले ते धुळीच्या लोटातून, मागे सहा-सात गाड्या. त्यांनी आईच्या पायांवर मोठा हार ठेवला. पांढऱ्या फुलांचा, सेलोफेनसकट. मग माइक हातात घेतला.

ते चांगलं बोलले, असं सगळे नंतर म्हणाले. शेवटी आवाज उतरवून म्हणाले, “मघाशी गाडीत बसल्या-बसल्या मुंबईशी बोलणं झालं. ही वेळ नाही, याची मला जाणीव आहे. पण या माउलीच्या आत्म्याला शांती मिळायची असेल, तर मला आत्ताच सांगावं लागेल. आम्ही सोपानरावांना एकटं पडू देणार नाही. या तालुक्यातून उमेदवारी सोपानरावांचीच.”

आणि टाळ्या पडल्या.

आधी एक, चुकून पडावी तशी. मग सगळ्या घाटावर. मागून कुणीतरी ओरडलं, “अण्णा तुम आगे बढो!” आणि पाठोपाठ सवयीचं उत्तर आलं. मग माणसांना भान आलं, आणि टाळ्या जशा पडल्या तशा विझल्या. पण तोवर अण्णांचे हात जोडले गेले होते. टाळ्या ऐकल्या की त्यांचे हात आपोआप जुळत. चेहऱ्यावर ते आमदारकीचं हसू येऊ लागलं होतं, ते त्यांनी अर्ध्यात पुसलं. मी पाहिलं. केरूनानांनीही पाहिलं.

ती निवडणूक अण्णा जिंकले. मोठ्या फरकाने. इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही.



*आणि आता, कुटुंबाच्या वतीने…*

“अण्णा,” मी म्हणाले. “नको.”

मास्तरांनी माइक त्यांच्यापुढे धरला होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पाणी मागणाऱ्या माणसासारखं. घाटावर माणसंच माणसं होती, बापूसाहेब हात बांधून उभे होते, आणि सगळे वाट बघत होते. एवढी माणसं वाट बघताना ज्याने कधी तोंड मिटलं नाही, असा माणूस काय करील?

आता आईने सांगितलेलं कारण सांगते. तेव्हाच मला ते आठवलं.

ती म्हणाली होती, “तुला वाटतं मी रागानं म्हणतेय. तसं नाही गं. तुझी आजी गेली तेव्हा हे तिच्या सरणापाशी बोलले. सगळा घाट रडला. घरी आले, आंघोळ केली, भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून यांनी ‘आई’ हा शब्द तोंडातून काढला नाही. आईसाठी रडायचं होतं ते बोलून टाकलं, संपलं. कोरडे ठणठणीत झाले. पुढं कैक दिवस झोपेत दात खायचे. मी गेल्यावर यांच्यापाशी जागायला कोण आहे? म्हणून म्हणते, मला बोलून टाकू नका म्हणावं. जरा साठू द्या.”

अण्णांनी माइक घेतला.



“आज शब्द सुचत नाहीत,” ते म्हणाले.

ते नेहमी असंच सुरू करायचे.

मग सुचले. ते म्हणाले, घरचा माणूस गेला की घर पोरकं होतं, पण घरची बाई गेली की चूल पोरकी होते. पुरुषांच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. ते म्हणाले, या माउलीनं कधी स्वतःसाठी लुगडं मागितलं नाही, मागितलं ते दारात आलेल्या बाईसाठी. हे खरं होतं. ते म्हणाले, दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं मला विचारलं, जेवलात का? हेही खरं होतं. त्यांचा आवाज बरोबर तिथे फाटला जिथे तो फाटायला हवा होता, आणि बरोबर तेवढाच. बापूसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मुबारक देवळाच्या कट्ट्यावर बसून लहान पोरासारखा रडत होता. मीसुद्धा रडत होते, रागाने आणि खरोखरही, कारण भाषण फार चांगलं होतं. त्यांचं सगळ्यांत चांगलं.

एक माणूस रडत नव्हता. तो बोलत होता.

“…तेव्हा मित्रांनो, वाघुले कुटुंबावर आज दुःखाचा डोंगर कोसळला आहे. या कुटुंबाच्या दुःखात मी स्वतः, पक्षाच्या वतीनं आणि तालुक्याच्या वतीनं सहभागी आहे. परमेश्वर त्यांना हे दुःख सोसण्याचं बळ देवो.”

कुणाच्याच लक्षात आलं नाही. हे वाक्य तालुक्याने इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते कानावरून वाऱ्यासारखं गेलं. फक्त केरूनानांचा माशा वारणारा हात थांबला.

अण्णांनी माइक मास्तरांकडे दिला. सरणाला नमस्कार केला. चारी दिशांना हात जोडले. मग ते माझ्याकडे आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, “धीर धरा. काही लागलं तर सांगा.”

आणि चालू लागले.

गर्दीने वाट दिली. ती नेहमीच द्यायची. मुबारकने डोळे पुसत पुसत, सवयीनेच, धावत जाऊन गाडी सुरू केली. अण्णा मयतीला यायचे, चार शब्द बोलायचे, घरातल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि अग्नी द्यायच्या आत निघायचे. निघावंच लागायचं. तालुका मोठा होता. एका दिवसात चार-चार ठिकाणं असायची. “लग्नाला नाही गेलं तर माणूस रुसतो,” ते म्हणायचे, “मयतीला नाही गेलं तर तो विरोधात जातो.” इतक्या वर्षांत त्यांनी किती सरणं पाहिली असतील, पण पेटलेलं पाहिलं असेल ते फक्त आजीचं. तेही पाहिलं का, कुणास ठाऊक.

मी मागे धावले.

ते पुढच्या सीटवर बसले होते. रुमालाने मान पुसत होते. दार लावून झालं होतं. मुबारकचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो समोर बघत होता.

“पुढं कुठं रे?” अण्णांनी विचारलं.

मुबारकने गिअरवर हात नेला आणि परत आणला. त्याची हनुवटी हलत होती.

“अरे, पुढं कुठं?”

“अण्णा,” मी खिडकीतून म्हणाले, “पुढं कुठं नाही. आईला अग्नी द्यायचाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी कार्यकर्त्याकडे बघतात तसं. मग हळूहळू मी त्यांना दिसू लागले.

“कोण देतंय?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही.”

मुबारकने गाडी बंद केली. अण्णा रुमाल हातात धरून बसूनच होते. मग दाराची कडी चाचपू लागले. त्यांना ती सापडेना. ते दार नेहमी दुसरंच कुणीतरी उघडायचं. मी उघडलं.



मडकं कुठल्या खांद्यावर घ्यायचं ते त्यांना माहीत नव्हतं. कुठून फिरायचं, किती फेरे, मडकं पुढे टाकायचं की मागे, काहीच माहीत नव्हतं; आजीच्या वेळी ते सगळं थोरल्या काकांनी केलं होतं. ज्या माणसाशिवाय तालुक्यात कुणी धड मरत नव्हतं, त्याला केरूनाना हाताला धरून फिरवत होते. “हितनं. आता हितनं. आता मागं नाय बघायचं. हां, सोड.”

मडकं फुटलं. अण्णांनी अग्नी दिला.

एप्रिलचं लाकूड. भडकन पेटलं.

मग माणसं निघाली. आधी बापूसाहेब. ते अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “सांभाळा. सोमवारी मुंबईला या.” त्यांच्यामागे सगळ्या गाड्या. मग सभापती, चेअरमन, पत्रकार. प्रत्येक जण हात जोडून, मान तिरकी करून, जरा घाईत. अण्णा प्रत्येकाकडे बघत होते. मला वाटतं, स्वतःची पाठ त्यांना पहिल्यांदा दिसत होती. ढवळे मास्तरांनी वायर गुंडाळली. माइक पिशवीत गेला.

उरले अण्णा, मी, केरूनाना, आणि लांब गाडीपाशी मुबारक.

“नाना,” अण्णांनी विचारलं, “आता काय करत्यात?”

“आता?” नाना सावलीतल्या दगडावर बसले. “काय नाय. आता थांबायचं.”

“कुठवर?”

“ती जाईस्तोवर.”

अण्णा उभेच राहिले.

“तुला कुठनं ठाव असणार?” नाना म्हणाले. आवाजात टोमणा होता, पण तो दमलेला टोमणा होता. “आमची सोनाबाई गेली तवा तू आला व्हता. विरोधकाच्या बायकूला आमदार आला, म्हणून लोकं वा वा करत व्हती. बोलला बी झ्याक. माझं पोरगं रडत नव्हतं, ते रडलं. मग तुझी गाडी गेली, गाडीमागं निम्मी मयत गेली. आन् मग मी ह्याच दगडावर बसलो.”

“मग?”

“मग काय? लई गप असतं रं हितं. येवढंच.”

लाकूड तडतडत होतं. अण्णांनी तोंड उघडलं. काहीतरी येऊ लागलं होतं, तयार वाक्यासारखं. मला ते त्यांच्या गळ्यात चढताना दिसलं. नानांनी नुसता हात वर केला.

अण्णांनी तोंड मिटलं.

ऊन उतरलं, सावल्या नदीच्या पात्रात लांबल्या, आणि शेळ्या घरी गेल्या. ते रडले नाहीत. मी वाट बघत होते. पण ते बोललेही नाहीत.



यापुढचं थोडं आहे.

अण्णा नंतरही मयतीला जायचे. फक्त तिथून निघायचे नाहीत. मुबारक हळूच म्हणायचा, “साहेब, अजून दोन ठिकाणं हायेत.” ते मान हलवायचे आणि तिथेच उभे राहायचे, लाकूड बसेपर्यंत, माणसं जाईपर्यंत. माइक पुढे केला तर परत करायचे. ढवळे मास्तर हात जोडून म्हणायचे, “अण्णा, नुसतं उभं राहून कसं चालेल? दोन शब्द तरी…”

एका दिवसात एकच मयत. मरणारे जास्त होते.

जिथे ते पोचले नाहीत, ती माणसं म्हणाली, आमदार माजला, आमच्या म्हाताऱ्याला आला नाही. जिथे पोचले, ती म्हणाली, आला आणि मुक्यासारखा उभा राहिला, आमचा माणूस काय दोन शब्दांच्या लायकीचा नव्हता? पाच वर्षांत असं घरामागून घर गेलं. दूध, पूल, कन्याशाळा सगळं जागेवर होतं. मतं नव्हती.

पुढच्या निवडणुकीत, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, तालुक्याच्या बाजारतळावर मोठी सभा होती. माणसं आणून बसवली होती, बापूसाहेब घड्याळ बघत होते, आणि अण्णा आले नव्हते. मी स्टेजच्या मागे जाऊन मुबारकला फोन लावला.

“कुठे आहात तुम्ही?”

“माळावर, ताई. एक म्हातारी गेली. मेंढरंवाल्यांची. वरच्या अंगाची माणसं हायेत, चार दिसांनी पुढं जाणार. यांची इथं मतं बी नाहीत, ताई.”

“मग निघा ना! इथे सगळे थांबलेत.”

“मी बोललो दोनदा. साहेब गाडीत येत नाहीत.”

“काय करतायत?”

“काही नाही. उभे हायेत.”

मी फोन कानाशी दाबून धरला. पलीकडून वारा ऐकू येत होता, आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा.

“मुबारक, रडतायत का रे?”

“इथून नाही कळत, ताई,” तो म्हणाला. “पाठ हाय माझ्याकडं.”